बापूच्या वळणावर दोन हाका

३१ मार्च, रविवार

आज टाळ्या खूप पडल्या आणि त्यातच मी अडकलो.

वाचनालयाच्या व्याख्यानाचा विषय मीच दिला होता: भीती. दीड तास बोललो. भीती ही जगातली सगळ्यात स्वस्त पोलीसचौकी, असं म्हणालो. शिपायाला पगार नको, गणवेश नको. माणूस आपणच आत जातो आणि आतून कडी लावून घेतो. सभागृह उसळलं. मग चढत्या आवाजात वरंध घाटातलं बापूचं वळण काढलं. बापू नावाचा कुणी क्लीनर फार वर्षांपूर्वी तिथे ट्रकखाली गेला म्हणतात. तेव्हापासून चालक कठड्यावर त्याच्यासाठी बिडी ठेवतात. दिवस मावळताना तो दरीतून हाक मारतो, पण दोनदाच. तिसऱ्या हाकेचं बळ मेलेल्याला नसतं. म्हणून दोन हाकांना ओ द्यायची नाही. तिसरी आली तरच समजायचं, माणूस आहे. माझी आईसुद्धा हेच सांगायची.

"मेलेल्याला घसाच नसतो," मी म्हणालो, "तो पहिली तरी कशी मारेल?"

हशा ओसरल्यावर शेवटच्या रांगेतून कुशाबा उठला. हा एसटीचा निवृत्त चालक. घाटात त्याची हयात गेली.

"मास्तर, बोललात झकास. पण दिवस मावळताना तिथनं एकटं कधी गेलायत काय? काचा लावून नाय, उघड्यावर?"

"येत्या शनिवारी जातो," मी म्हणालो. "सायकलने. महाड ते भोर, त्याच दिवशी परत. सोबत कुणी नाही."

हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच नवीन होतं.

इथे खरं लिहितो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मला वाऱ्याची भीती वाटते. उघड्यावर वारा कानात शिरला की मला माझा स्वतःचा विचार ऐकू येईनासा होतो, आणि त्यावेळी डोक्यात जो कुणी उरतो त्याची मला ओळख नाही.

२ एप्रिल, मंगळवार

हारूनकडे गेलो. शाळेपासूनचा दोस्त, दहा वर्षं कुवेतला काढून आला आणि आता त्याचे चार टेम्पो घाटमाथ्याला जातात-येतात. रोजे चालू आहेत, तरी माझ्यासाठी चहा सांगितला.

"मास्तर, एक पिकअप मागं ठेवतो. लांब ठेवतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

"मग तुला एकट्याला कळू दे. जिवंत तर राहशील."

मी बाणेदार काहीतरी बोललो. तो हसला. "बरं बाबा. शनिवारी इफ्तारला माझ्याकडंच ये. खजूर ठेवतो तुझ्या वाटणीचा. उशीर झाला तर मी घाटात येणार, सांगून ठेवतो."

मनातून वाटलं, त्याने आणखी एकदा आग्रह करावा. त्याने केला नाही. मित्र माझ्या शब्दाला मान देतो, हा माझाच दोष.

५ एप्रिल, शुक्रवार

सायकलची साखळी पुसून तेल दिलं, ब्रेकच्या तारा आवळल्या, मागच्या चाकाला नवी ट्यूब. कॅरिअरला दोन पिशव्या: पाणी, शेंगदाण्याची चिक्की, पंक्चरचं सामान, एक जाड शर्ट. सारिका दारात उभी राहून बघत होती.

"भाषण तुझं," ती म्हणाली, "पाय कुणाचे?"

"माझेच."

"त्यांना विचारलंस?"

हसलो. तिच्या मते सोमवारी अमावास्या आहे म्हणून नव्हे, तर उन्हाळी वारा सुटलाय म्हणून जाऊ नये. बायको विवेकवादी असली की वाद घालणं अवघड जातं. सायकल मी बारा वर्षं चालवतोय, पण जवळच्या सव, दासगाव या गावांपर्यंत. सपाटीवर, ओळखीच्या माणसांतून. घाटात ओळखीचं कोण असणार?

६ एप्रिल, शनिवार

घरी आलो आहे. बोटं अजून हँडलच्या आकारात वाकलेली आहेत, अक्षर वाकडं येतंय. पण आजच लिहायला हवं. उद्या मी याचं व्याख्यान करून टाकेन.

पहाटे निघालो. बिरवाडी मागे पडली तेव्हा उजाडलं. वरंधपर्यंत रस्ता सोबतीचा होता: शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या, काजूच्या बागांना चढलेला वास. नंतर घाट लागला. सर्वांत खालच्या गिअरवर, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढलो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला काही नाही. बापूचं वळण सकाळच्या उन्हात अगदी साधं दिसलं: कठड्याचा तुटका तुकडा, खाली करवंदीच्या जाळ्या आणि वाळलेलं गवत. दगडाखाली बिड्या दाबलेल्या. मी मोठ्याने "राम राम, बापू!" म्हणालो आणि मलाच गंमत वाटली. सकाळी विनोद सुचतो.

वर वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. ठमाबाईच्या टपरीवर टेकलो. ती आणि तिचा नवरा गोमाजी खालच्या वाडीतले. गोमाजी साठीचा, काटक, कमरेला कोयता, आणि नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं. रात्री म्हैस गोठ्यात आली नव्हती.

"दावं सैल कोणी बांधलंन?" ठमाबाई कढईतल्या तेलाला उद्देशून म्हणाली.

"मीच बांधलं. मीच सोडलं. मीच म्हस! झालं समाधान?" गोमाजी माझ्याकडे वळला. "बगा मास्तर, हिच्यापायी जातो मी अक्षयकडं मुंबईला. कायमचा."

"जा की. कोन धरतंय? मागल्या शिमग्यापासनं चारदा गेलास. पोराच्या खोलीत पाय लांब करायला जागा नाय, म्हणून परत येतोस."

गोमाजीने माझ्या सायकलभोवती एक फेरी मारली. चाक दाबून पाहिलं. "ह्याला इंजान कुठं हाय?"

"नाही. पायानेच."

"मंग तुमीच इंजान." तो खूष झाला. पाण्याची बाटली काखेला मारून, म्हशीला शिव्या देत तो घाटाखालच्या उतारावर उतरून गेला. ठमाबाईने मला भज्यांवर दोन मिरच्या जास्त दिल्या. मुंबईला गेला तर बरं, म्हणाली, आठ दिवस शांतता.

पुढची उतरण मजेत गेली. आणि मग तो प्रदेश आला ज्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. घाटामागच्या धरणाचं पाणी आटून पार तळाला गेलेलं. रस्त्याच्या कडेने मैलोन्‌मैल नुसता उघडा गाळ, भेगाळलेला, राखेच्या रंगाचा. एरवी पाण्याखाली असणाऱ्या टेकड्या बोडक्या बाहेर आलेल्या; त्यांच्यावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा. एके ठिकाणी गाळातून जुन्या विहिरीचं तोंड वर आलेलं. झाड नाही, सावली नाही, माणूस नाही. आपल्या सह्याद्रीत, पायाखाली कोकण असताना, हे वाळवंट कुठून आलं? जाताना वारा पाठीशी होता. त्यामुळे तो मला कळलाच नाही. मी समजलो, माझे पाय चांगले चाललेत.

भोरला जेवलो, अर्धा तास देवळाच्या ओसरीवर पडलो आणि परत फिरलो. गावाबाहेर पडताच वाऱ्याने थोबाडीत मारली.

असा वारा मी पाहिला नव्हता. दुपारचा समुद्रावरून निघालेला वारा घाटाच्या खिंडीत चेपला जाऊन त्या उघड्या माळावर सुटतो, आणि त्याला अडवायला तिथे गवताची काडी नाही. सपाटीवर चढाच्या गिअरने जात होतो. मान खाली, डोळे बारीक, दातांत गाळाची माती. थांबलो की सायकल मागे ढकलली जायची. एक डंपर समोरून आला. त्याच्या आडोशाने क्षणभर वारा थांबला, मी त्याच्याकडे ओढला गेलो, आणि तो जाताच वाऱ्याने पुन्हा असा फटका दिला की सायकलसकट गाळाच्या उतारावर उतरलो. पडलो नाही. पण पाय जमिनीला लागल्यावर ते माझे वाटेनात. तिथेच बसलो. समोरून एक वावटळ आली, माणसाच्या उंचीची, गाळावरून सावकाश, जणू मला शोधत. ही हवा आहे, तापलेली हवा वर जाते, हे मला ठाऊक आहे, मी मुलांना शिकवलं आहे. तरी मी उठून सायकलच्या मागे उभा राहिलो. सायकलच्या मागे! नळ्या आणि तारा यांच्या मागे लपलो.

त्या माळावर किती वेळ गेला सांगता येत नाही. पाणी संपलं. दोनदा ओरडलो, नुसताच, आवाज आहे का बघायला. माझा आवाज माझ्यापर्यंत पोहोचला नाही. वीस वर्षं ज्या आवाजावर सभा जिंकल्या तो तोंडाबाहेर येताच मागच्या बाजूला उडून जात होता. हारूनची पिकअप दिसली असती तर रडलो असतो.

वाघजाईला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. टपऱ्यांचे पत्रे फडफडत होते. ठमाबाई एकटीच सामान बांधत होती. तिने पाणी दिलं.

"म्हस आली दुपारी, एकलीच," ती म्हणाली. "तो नाय आला. गेला असंल मुंबईला. घाटात गाडीला हात केला की झालं. जाताना सांगायची रीत नाय आमच्यात, आल्यावर भांडायची हाय."

मला तिचा हेवा वाटला. इतक्या वाऱ्यात ती हसत होती.

पुढचा दिवा लावून उतरायला लागलो. दोन्ही ब्रेक दाबलेले, तरी सायकल पळत होती. उजेड राखाडी झाला होता. वारा आता दरीतून सरळ वर येत होता. बापूच्या वळणाला वेग कमी केला, आणि हाक आली.

"ओ ऽ ऽ भाऊ!"

खालून. कठड्याच्या पलीकडून. क्षीण, पण हाक.

मी ब्रेक दाबून थांबलो. एक पाय जमिनीवर. दिव्याचा उजेड कठड्यावर थरथरत होता.

दुसरी आली. "भाऊ ऽ ऽ!"

मी उभा राहिलो. तोंड उघडं होतं, त्यात वारा भरत होता. मी वाट पाहिली. ज्याची एकदा नोंद झाली तो योगायोग. दुसऱ्यांदा झाली तो संशय. तिसऱ्यांदा झाली तर पुरावा. शास्त्राची पद्धत हीच. पूर्ण शुद्धीत, शास्त्रीय बुद्धीने मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली.

आली नाही.

म्हणजे वारा होता. दरीतून वर येणारा वारा कातळात घुमतो, त्यामुळे दरीतला आवाज वर—

ते असो. पायडल मारलं. वळणामागून वळण खाली आलो, ब्रेक न दाबता. वरंधचे दिवे दिसेपर्यंत मागे पाहिलं नाही.

हारूनकडे पोहोचलो तेव्हा इफ्तार उरकून गेलं होतं आणि तो पिकअपची किल्ली घेऊन निघतच होता. खजूर बशीत झाकून ठेवला होता.

"काय मास्तर, भेटला का कुणी वळणावर?"

"वारा."

"नुसता वारा?"

"नुसता वारा."

त्याने मला मिठी मारली. उद्या कुशाबाला फोन करणार, म्हणाला.

७ एप्रिल, रविवार

सकाळपासून फोन. अभिनंदन. कुशाबा स्वतः घरी आला, पेढे घेऊन. "हरलो मास्तर," म्हणाला, आणि मग हळूच, "खरंच काय नाय ऐकलंत?" मी त्याला पंधरा मिनिटं वाऱ्याचं ध्वनिशास्त्र समजावलं. तो बघतच राहिला. फार चांगलं बोललो. सारिका आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने विचारलं, "एवढं का बोललास?"

दुपारी झोप लागली नाही. डोळा मिटला की पायाखाली सायकल पळते.

"भाऊ" हा शब्द वारा कसा उच्चारेल? भ हा महाप्राण. वाऱ्याला ओठ नसतात. पण भीतीने गोंधळलेला मेंदू नादाला शब्दाचा साचा देतो, हेही तितकंच खरं. यावर वाचलेलं आहे. भरपूर वाचलेलं आहे.

संध्याकाळी हारूनचा फोन. त्याचा भाचा मुजम्मिल विटा घेऊन भोरला गेला होता. वाघजाईला ठमाबाईने त्याची गाडी थांबवली. तिचा नवरा मुंबईला पोहोचलेला नाही. मुलाशी बोलणं झालं, तो म्हणतो, बाबा इकडे आलेलेच नाहीत. वाडीतल्यांचं म्हणणं, दुसऱ्या कुणाकडे उतरला असेल. मुंबईत वाडीची निम्मी घरं आहेत. रुसलेला माणूस, येईल दोन दिवसांनी.

"तू काल तिच्याकडं थांबलेलास ना? तुला म्हातारा दिसलेला का?"

"सकाळी दिसला होता."

"संध्याकाळी?"

"नाही," मी म्हणालो. हे खरं आहे. दिसला नव्हता.

"येईल मग," हारून म्हणाला.

"येईल," मी म्हणालो.

वारा असेल तर मी कोणाचंही काही केलेलं नाही. माणूस असेल तर तो काल दिवस मावळल्यापासून तिथे आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी मी बसलो आहे आणि मला हलता येत नाही. सांगावं तर काय सांगू? ज्याला अख्खं महाड पेढे भरवतंय तो सांगणार, की मी ऐकलं आणि पळालो? आणि तिथे कुणीच नसलं तर? मग बापूला माझ्याच साक्षीने कायमचं ठाणं मिळेल. माझं वीस वर्षांचं अंधश्रद्धेविरुद्धचं काम जाईल. हा विचार स्वार्थाचा नाही, चळवळीचा आहे.

पुन्हा वाचलं. स्वार्थाचा आहे.

८ एप्रिल, सोमवार

पहाटे हारूनच्या दारात उभा राहिलो. तो रोज्याआधीची सहेरी आटोपून नमाजाला निघाला होता.

"मी ऐकलं होतं," मी म्हणालो. "बापूच्या वळणाला. हाक."

त्याने टोपी सारखी केली. "किती?"

"दोन."

"मग?"

"तिसरीची वाट पाहिली. खात्री करायला. आली नाही."

हारूनने वहाणा पायात सरकवल्या. मग म्हणाला, "खात्री करायला तिसरीच का रे मास्तर? दुसरीला का नाही झाली?"

जी गोष्ट मी परवापासून शास्त्र म्हणून सांभाळत होतो तिला आईचा आवाज होता. एवढं कळायला मला दोन रात्री आणि एक कुवेतरिटर्न टेम्पोवाला लागला.

"चल," तो म्हणाला. "शिव्या वाटेत देतो."

दिल्या नाहीत. सबंध वाट गप्प बसून पिकअप चालवली. ते जास्त वाईट होतं.

वाडीतून दोर आणि माणसं घेतली. येसाजी गोमाजीचा चुलत भाऊ, त्याच्याबरोबर तिघे. ठमाबाई गाडीत माझ्या शेजारी बसली. तिला काय सांगितलं ते आठवत नाही. तिने एवढंच विचारलं, "आवाज कसा व्हता? बसका? त्याचा बसका हाय." मी होकाराची मान हलवली. तिने पदर तोंडात धरला.

वळणावर उतरल्यावर येसाजीने कठड्यावरच्या बिड्या पाहिल्या. "दोनच हाका म्हंता? आन आज आवस. मास्तर, तुमी शिकलेलं हाव, आमाला खाली कशापायी घालता?"

मी बोलायला लागलो. जन्मभर ज्यासाठी बोलत आलो तेच बोललो, आणि वारा नव्हता तरी एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. त्यांना माझा चेहरा दिसत होता. हारूनने तेवढ्यात दोर गाडीच्या हुकाला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"हाक मार," तो म्हणाला.

"गोमाजी!"

काही नाही. खाली घारी फिरत होत्या.

"गोमाजी!"

काही नाही. येसाजी म्हणाला, "नाय कोन. चला." एक जण गाडीकडे वळलासुद्धा. ठमाबाईने त्याचा सदरा धरला.

मी कठड्यावर चढलो, दोर कमरेला, आणि खाली बघितल्यावर पोटातलं सगळं घशाशी आलं. फक्त म्हणूनच ती हाक एवढी मोठी निघाली असेल. हाक कसली, किंकाळीच ती. "गोमाजी ऽ ऽ!"

"ओ!" खालून आलं. बसक्या आवाजात. "किती वेळ लावलात रे!"

पहिल्या दोन त्यानेही ऐकल्या होत्या. त्याला वाटलं, बापू असेल.

ठमाबाई खाली बसून हसायला लागली, आणि ते हसणं कधी रडणं झालं ते कळलं नाही. येसाजी माझ्याआधी खाली उतरला. गोमाजी करवंदीच्या जाळीत अडकला होता, उजवा पाय दोन दगडांमध्ये. पाण्याची बाटली रिकामी, छातीवर ठेवलेली. पाय काळा पडला होता. वर आणताना तो एकदाही ओरडला नाही. मी शेजारून चढत होतो आणि त्याच्या पायाकडे बघायचं टाळत होतो.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा.

दारात गुढी आहे. हारूनचा फोन आला. काल रात्री गोमाजीचा पाय गुडघ्याखाली काढला. रक्त फार वेळ पोहोचलं नव्हतं. "थोडं आधी असतं तर" असं डॉक्टर म्हणाले का, ते मी विचारलं नाही. हारूननेही सांगितलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

ईद. शीरखुर्मा घेऊन शरिफाभाभी स्वतः आल्या. हारून आला नाही, कामात आहे म्हणाल्या.

स्थानिक वर्तमानपत्रात माझा फोटो. सायकलस्वार व्याख्यात्यामुळे वाचले प्राण. अंधश्रद्धेला न जुमानता घेतला शोध. दोन संस्थांचे फोन आले, शाल-श्रीफळ द्यायचं म्हणतात. एकीला हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

सारिकाने पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आता त्या माणसाला भेटायला कधी जाणार?"

मला त्या वॉर्डची भीती वाटते. त्या माळावरच्या वाऱ्याहून जास्त.

१३ एप्रिल, शनिवार

गेलो.

संस्थेला फोन करून शाल नको म्हणून सांगितलं आणि मगच गेलो. वाटेत तीनदा थांबलो.

गोमाजी खिडकीजवळच्या खाटेवर. ठमाबाई स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. मुलगा अक्षय मुंबईहून आलेला, सिक्युरिटीत आहे. मी आत शिरताच तो उठून माझ्या पाया पडला. "सर, तुम्ही नसता तर बाबा गेलेच होते. गावात सगळे विचारतायत, सत्कार कधी."

"बसूं दे रे त्यांना," ठमाबाई म्हणाली.

गोमाजीला बोलायचं होतं. आठवडाभर हेच सांगत असावा. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्या शब्दांच्या आधीच ओठ हलवत होता. "म्हशीचा माग काढीत वळणापात्तूर आलो नि दगुड सुटला. पडलो तो पडलो. दिवसभर कैक गाड्या गेल्या. वरडत होतो, कोन थांबंल? बापूच्या नावानं हारनं वाजवीत पळाल्या. मंग दिवा दिसला. बारका, हलणारा. म्हटलं ही मास्तरांची सायकल. दोन हाका मारल्या, नि दिवा थांबला."

तो थांबला. संत्र्याची फोड तोंडात टाकली.

"दिवा थांबला, मंग म्हटलं ऐकलन यांनी. आता कशाला घसा फोडायचा? आता मानसं घेऊन येत्यालच. गप पडलो निवांत. दोन राती भ्यालो नाय, खरं सांगतो. सांगावा गेलेला हाय, मग भ्यायचं कशाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. चादर एका बाजूला पायाच्या आकाराने वर आलेली होती आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्यानंतर सपाट.

अक्षय हिशेब करत होता. मला ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. "पण सर," तो म्हणाला, "बाबांनी हाक मारली शनिवारी. तुम्ही आलात सोमवारी."

"गप रे," ठमाबाई म्हणाली. "सायकल हाय ती. वारा किती व्हता."

"आई, महाड कितीसं लांब आहे? शनिवारी रात्री सरांचा पेढ्यांचा फोटो ग्रुपवर—"

"रविवारी," मी म्हणालो. "पेढे रविवारी."

सगळं तयार होतं माझ्याकडे. वारा, कातळ, नाद, एकट्या साक्षीदाराची मर्यादा. एवढा वेळ वाटेत मी हेच रचत आलो होतो आणि ते फार चांगलं रचलं गेलं होतं. मी घसा साफ केला. वॉर्डातले बाकीचे लोकही ऐकायला वळले, सभेत श्रोते वळतात तसे.

"घाबरलो," मी म्हणालो. "ऐकलं होतं. तुमची हाक आहे असं वाटलं होतं. घाबरलो आणि पळालो. मग दीड दिवस कुणाला सांगितलं नाही."

अक्षयने माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे, मग उठून व्हरांड्यात गेला. दार त्याने आपटलं नाही. ठमाबाईचे हात संत्र्यावर थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

गोमाजी छताकडे बघत राहिला. दोन रात्री जो निवांत पडला होता, तो आता त्या रात्रींकडे पुन्हा पहिल्यापासून बघत असावा. त्या रात्री कोणी येतच नव्हतं.

मग त्याने हाताच्या कोपरावर भार देऊन अंग जरा भिंतीकडे सरकवलं. चादरीच्या सपाट भागावर पंजा आपटला.

"उभं कशाला?" तो म्हणाला. आवाज बसका होता. "बसा हितं. हितं आता जागा झालीया."

मी बसलो.